भिंतीवरचं टिंब

आमच्या माहेरी स्वयंपाकघरात, पाटा-वरवंट्याच्या वरच्या भिंतीवर 'कालनिर्णय' लटकलेलं असे. दुधाचे खाडे, गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख, बाईंनी घेतलेली उचल, असा सगळा संसार त्या चौकोनांत कोंबलेला. त्या गर्दीत महिन्यातून एकदा पेन्सिलचं एक बारीक टिंब उमटायचं. ते आईचं. तेराव्या वर्षी त्याचा अर्थ मला कळला आणि माझंही टिंब सुरू झालं; आईचं तारखेच्या वर, माझं खाली. वडील, आजोबा, दोघे भाऊ रोज त्याच कॅलेंडरपुढे उभे राहून चतुर्थी-एकादशी पाहायचे. पण 'हे काय गं?' असं कुणी कधी विचारलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली ती नोंद आम्हा दोघींखेरीज कुणाला वाचता येत नव्हती.

लग्नानंतर ती सवय कधी सुटली, आठवत नाही. गेल्या वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे. "गणपतीच्या सुमारास," मी म्हटलं. "आधी की नंतर? किती दिवस? अंगावर जास्त जातं का?" एकाचंही धड उत्तर देता येईना. बँकेतल्या ठेवीच्या मुदतीची तारीख मला तोंडपाठ होती! "तीन महिन्यांच्या तारखा लिहून आणा," डॉक्टर म्हणाल्या, "वहीत लिहा, नाहीतर फोनमध्ये ॲप घ्या."

रविवारी वसतिगृहातून लेक आली होती, तिला घेऊन बसले. पाळीच्या ॲपची एवढी बाजारपेठ असेल अशी कल्पनाच नव्हती. पहिलंच उघडलं तर नाव, ई-मेल, जन्मतारीख, वजन, मूल हवं आहे का, संबंध शेवटचे कधी आले, अशी उलटतपासणी सुरू. पाळीची तारीख राहिली बाजूलाच. लेक शांतपणे म्हणाली, "आई, सगळं भरायलाच हवं असं नसतं." हे तिला आधीच माहीत होतं, याचं बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

ही ॲप्स आतून करतात काय? बहुतेकांचा पाया साधं गणित. मागच्या काही पाळ्यांतल्या अंतराची सरासरी काढायची आणि पुढची तारीख सांगायची. पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं, म्हणून तेवढे दिवस मागे मोजून 'सुपीक' दिवस रंगवायचे. १९२०च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या डॉक्टरांनी हेच दिवस मोजायला घेतले होते. आपल्या आधीच्या पिढीतल्या कित्येक जोडप्यांनी या हिशेबावर भरवसा ठेवला, आणि तिसरं अपत्य त्या भरवशाचं, असं हसत सांगणाऱ्या मावश्या कुणाच्या नात्यात नाहीत? बीज जेमतेम दिवसभर टिकतं, पण पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, आणि बीज सुटण्याचा दिवस ताणाने, आजारपणाने पुढे-मागे होतो. तेव्हा फोनवरच्या रंगीत चौकोनाला संततिनियमन समजू नये. 'नॅचरल सायकल्स' या स्वीडिश ॲपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. पण त्यात शरीराचं तापमान मोजून नोंदवावं लागतं, आणि नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरांपैकी सुमारे सात जणींना दिवस जाऊ शकतात, असं ती कंपनीच सांगते. ज्यांना पीसीओडी आहे, ज्यांची पाळी नुकतीच सुरू झाली आहे किंवा माझ्यासारखी जाण्याच्या वाटेवर आहे, त्यांच्या बाबतीत सरासरीला फारसा अर्थच उरत नाही. ॲपचं भाकीत सोडून द्यावं, नोंद मात्र जपावी. डॉक्टरांना हवी असते ती नोंद.

आणि नोंद म्हटलं की ती ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न. 'फ्लो' हे जगभर वापरलं जाणारं ॲप. माहिती गुप्त राहील असं आश्वासन देऊनही त्यांनी ती फेसबुक, गूगल यांच्या विश्लेषण-सेवांना पुरवली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ साली त्यात तडजोड झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा चुकलेल्या पाळीची नोंद आपल्याविरुद्ध पुरावा ठरेल या धास्तीने अनेकींनी ॲप्स पुसून टाकली. आपल्याकडे कायदा निराळा आहे, ती भीती तशी नाही. पण आपल्याला दिवस गेलेत हे घरात सांगायच्या आधी जाहिरातवाल्यांना का कळावं?

म्हणून आम्ही चाळणी लावली: खातं न उघडता चालतं का, नोंदी फोनमध्येच राहतात का, हव्या तेव्हा पुसता किंवा काढून घेता येतात का. बर्लिनमध्ये तयार झालेलं 'ड्रिप' हे फुकट ॲप या चाळणीतून पार पडलं. माहिती फोनमध्येच राहते, वर पासवर्ड लावता येतो. दिसायला साधंच. फोन हरवला तर नोंदीही गेल्या, म्हणून मधूनमधून त्यांची प्रत काढून ठेवायची. आयफोनवाल्यांना वेगळं ॲप शोधायची गरज नाही, त्यातल्या 'हेल्थ'मध्ये २०१९पासून ही सोय आहे.

राहता राहिला नवरा. 'क्लू', 'फ्लो' यांत जोडीदारालाही नोंदी दाखवता येतात. आमच्या यजमानांना कल्पना फार आवडली. "मलाही दिसू दे की, निदान पिशवीत गरम पाणी भरून ठेवीन." मन विरघळलं होतं, पण माझ्या भाचीचं आठवलं. नवीन लग्न, नवऱ्याला कौतुकाने सगळं दाखवलेलं. आता घरखर्चावरून शब्दाला शब्द लागला की तो फोन बघून म्हणतो, "अच्छा, तारीख जवळ आलीये होय!" भांडण तिथेच संपतं आणि हिशेब तसाच राहतो. तिने ते दाखवणं बंद केलं, तर 'माझ्यापासून लपवतेस?' हे नवं भांडण. यजमानांना म्हटलं, पाणी गरम करायला ॲप लागत नाही, मी सांगेन. थोडे हिरमुसले, पण पिशवी मात्र वेळेवर येते.

तीन महिन्यांनी डॉक्टरांपुढे फोन धरला. दोन पाळ्यांमधलं अंतर एकदा एकोणीस दिवसांचं, एकदा त्रेचाळीस. त्यांनी शांतपणे पाहिलं, सोनोग्राफी लिहून दिली. मी विचारलं, हे टिपणं कधीपर्यंत? "सलग बारा महिने कोरे जाईपर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि त्यानंतर एक जरी ठिपका पडला, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका, लगेच या."