वाढीव खोली की शेडचीच खोली? गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात माणसे वाढली, मुलाचे लग्न ठरले किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला भाडेकरू खोली विचारत आला, की दौंड तालुक्यातल्या वरवंडसारख्या गावात दोन पर्यायांची चर्चा सुरू होते. एक म्हणजे घराला लागून नवी खोली काढायची. दुसरा म्हणजे ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि खताच्या गोण्या ठेवलेली शेड किंवा मोकळा पडलेला गोठा भिंती घालून राहता करायचा. उसाच्या या पट्ट्यात घराशेजारी पत्र्याची शेड असणे नेहमीचे असल्याने दुसरा पर्याय पहिल्यांदा सुचतो. तो पुष्कळदा योग्यही ठरतो. पण निवड बहुधा ऐकीव समजुतींवर होते आणि त्यांतल्या काही समजुती पावसाळ्यात फार महाग पडतात.

सर्वांत पक्की समजूत अशी की, शेड तयारच असल्यामुळे खोली निम्म्या खर्चात होते. शेडमध्ये तयार असते ते छप्पर, आणि खोलीच्या एकूण कामात पत्र्याच्या छपराचा वाटा तसा लहान असतो. पाया, जोते, भिंती, खिडक्या, गिलावा, फरशी, वायरिंग आणि पाणी हा बाकीचा सगळा खर्च दोन्हीकडे होतो. त्यातही शेडची जमीन अंगणाच्या पातळीला किंवा ट्रॅक्टर सहज आत यावा म्हणून उताराची असते. राहत्या खोलीला जोते लागते, नाहीतर वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीला अंगणातले पाणी आत येते.

इथेच एक साधा हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. बारा बाय अठरा फुटांच्या शेडमध्ये दीड फूट भर टाकायची तर 324 घनफूट मुरूम लागतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर हा सव्वातीन ब्रास झाला, आणि धुमसल्यावर मुरूम बसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच आणावा लागतो. मुरमाची सोय होते, अडचण येते ती उंचीची. शेडचा पत्रा उतरत्या बाजूला आठ फुटांवर असेल, तर दीड फूट भर टाकल्यावर साडेसहा फूट उरतात. राहत्या खोलीसाठी राष्ट्रीय इमारत संहिता 2.75 मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट, उंची सांगते. म्हणून खांब वाढवून पत्रा उचलावा लागतो. एकदा पत्रा काढून कैच्या उतरवल्या की ‘तयार छप्पर’ ही बचतही संपली. तेव्हा कोणताही निर्णय घेण्याआधी टेप घेऊन शेडची सर्वांत कमी उंची मोजावी आणि त्यातून जोत्याची उंची वजा करावी. नऊ फुटांच्या आसपास उरत असतील तरच शेडचा विचार पुढे न्यावा.

बचतीच्या हिशेबात आणखी एक रक्कम धरायची राहून जाते. शेड रिकामी केली म्हणजे ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, ठिबकच्या नळ्या, फवारणीची औषधे यांना दुसरी जागा लागते. वर्षभरात नवी शेड उभी करावी लागणार असेल, तर तिचा खर्च त्या खोलीच्याच खात्यावर मांडायला हवा. औषधे मात्र नव्या खोलीच्या कोपऱ्यात तात्पुरतीसुद्धा ठेवू नयेत.

गोठ्याच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. वर्षानुवर्षे जनावरांचे मूत्र मुरून जमिनीत आणि भिंतीच्या खालच्या थरात क्षार साठतात. पूर्वी अशा मातीतून सोरा काढत, इतके ते प्रमाण असते. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात. त्यामुळे नवा गिलावा केला तरी दोन-तीन फुटांपर्यंत पांढरा खार फुटतो, रंग सुटतो आणि गिलावा पापुद्र्यांनी गळतो. ‘सिमेंटचा जाड गिलावा मारला की ओल थांबते’ हा यावरचा लाडका आणि चुकीचा उपाय आहे. ओल आत कोंडते आणि वाट काढून आणखी वर चढते. खालची माती फूट-दीड फूट काढून टाकणे, खार लागलेला भिंतीचा भाग बदलणे आणि जोत्याच्या पातळीला ओलरोधक थर घालणे हाच खरा इलाज आहे. तो परवडत नसेल तर गोठा पाडून नव्याने बांधणे स्वस्त पडते. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये डिझेल आणि ऑइल प्यायलेला कोबा असतो. त्यावर थेट फरशी बसवली तर तिला पकड मिळत नाही, म्हणून तो थर फोडावाच लागतो.

‘पत्रा काढून वर स्लॅब टाकू, म्हणजे काम पक्के होईल’ हे वाक्य तर हमखास ऐकू येते. दोन्हींच्या वजनांची तुलना केली की त्यातला धोका कळतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा पाच इंची काँक्रीट स्लॅब जवळजवळ साडेतीन टन भरतो. तेवढ्याच जागेवरचा पत्रा फार तर पन्नास-साठ किलोंचा असतो. शेडचे लोखंडी पाइप किंवा चार इंची विटांच्या भिंती पत्र्यासाठी उभ्या केलेल्या असतात, त्यांच्याखाली स्लॅबचा भार पेलणारा पाया नसतो. मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतींवर जड छप्पर ठेवणे त्याहून घातक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी घरे माणसांवर कोसळली, त्यांत अशाच जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेल्या घरांचा भरणा होता. शेडची खोली करायची तर छप्पर हलकेच ठेवावे. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि छत घालावे, भिंतीच्या वरच्या भागात समोरासमोर झरोके ठेवावेत. एवढे केले तर एप्रिल-मेच्या उन्हातही त्या खोलीत थांबता येते, नाहीतर नुसत्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. वळवाच्या वादळात पत्रे उडू नयेत म्हणून ते जे-हुकांनी कैचीला आणि कैची खांबाला घट्ट बांधलेली हवी. पत्र्यावर दगड ठेवणे म्हणजे वादळात ते दगड घरातल्यांवर पाडण्याची तयारी ठेवणे होय.

आता वाढीव खोलीकडे वळू. तिच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, नवे बांधकाम जुन्या भिंतीत विटा अडकवून ‘एकजीव’ केले की ते मजबूत होते. काळ्या मातीत याचा उलट परिणाम होतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुने घर अनेक पावसाळे पाहून स्थिरावलेले असते. नवी खोली मात्र तिच्या वजनाने आणि मातीच्या हालचालीने पहिली काही वर्षे खाली-वर होणारच. दोन्ही घट्ट जोडली तर ओढाताणीत कमकुवत भिंतीला तिरकी भेग पडते, आणि ती बहुधा जुन्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघते. म्हणून नव्या खोलीला चारही बाजूंनी तिच्या स्वतःच्या भिंती किंवा कॉलम द्यावेत आणि जुन्या-नव्याच्या मध्ये वरपासून खालपर्यंत अरुंद सांधा मोकळा ठेवावा. सांध्यात थर्माकोलसारखा दबणारा पदार्थ भरावा आणि वरून पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची झाकणपट्टी बसवावी. गळती सुरू होते ती याच सांध्यातून, त्यामुळे पट्टीचे काम घाईत उरकू नये.

पाया किती खोल घ्यायचा, याला ‘शेजाऱ्याने चार फूट घेतला’ हे उत्तर होत नाही. एकाच गल्लीत एका घराखाली दोन फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्याखाली सात फुटांपर्यंत काळी मातीच असते. नियम एवढाच की, काळी माती ओलांडून कठीण मुरमावर टेकावे. माती फारच खोल असेल तर साधारण साडेतीन मीटर खोलीचे, तळाशी फुगीर असलेले पाइल घेण्याची पद्धत आहे. भारतीय मानकांतही ती सांगितली आहे. वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावाच्या किंवा कालव्याच्या लगत जमीन वर्षातला बराच काळ ओली राहते, तिथे पाया खोदल्यावर घाईने काँक्रीट न टाकता अभियंत्याला खड्डा दाखवलेला बरा. नव्या खोलीच्या जागेखाली जुना शोषखड्डा किंवा संडासाची टाकी दडलेली नाही ना, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच विचारावे.

वाढीव खोली जागा देते, पण उजेड घेऊ शकते. मागच्या भिंतीला खोली जोडली की तिथली खिडकी बंद होते आणि मधली खोली कायमची अंधारी होते. उष्ण प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र हवामानानुसार जमिनीच्या क्षेत्राच्या एकदशांश ते एकषष्ठांश असावे, असे इमारत संहिता सांगते. नवी खोली या हिशेबात बसते की नाही हे सगळेच पाहतात. जुन्या खोलीचा हिशेब बिघडतो का, तेही नकाशावर तपासायला हवे.

परवानगीबाबतचे गैरसमज दोन्ही पर्यायांना सारखेच लागू आहेत. ‘नवे बांधकाम नाही, नुसत्या भिंती घालायच्यात, मग परवानगी कशाला?’ असा प्रश्न शेडबाबत विचारला जातो. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही अपवाद वगळून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात वाहनतळाची जागा चटई क्षेत्रात मोजत नाहीत. तीच जागा राहती केली की ती मोजली जाते, म्हणजे नियमाच्या दृष्टीने बांधकाम वाढते. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 नुसारही गावाच्या हद्दीत बांधकामाला परवानगी लागते. लहान घरांसाठी पद्धत सोपी केलेली आहे, पण कागद जमा करावेच लागतात. दौंड तालुक्याचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतो, म्हणून आपल्या गट क्रमांकाला कोणाची परवानगी लागते हे ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्यावे.

‘नमुना आठला नोंद आहे’ हे उत्तर इथे कामाचे नाही. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची करआकारणीची नोंद आहे. त्यावरून कर भरला जातो, बांधकाम अधिकृत ठरत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. गावठाणातल्या जागेसाठी सनद आणि मिळकत पत्रिका पाहावी. ड्रोनने गावठाण मोजण्याचा राज्यातला पहिला प्रयोग शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि 24 एप्रिल 2020 ला जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेतून हे काम पुढे देशभर सुरू झाले. रस्त्याकडे दोन फूट पुढे सरकलेली शेड अशा मोजणीत सरळ दिसते. महामार्गालगतच्या मोकळ्या भागात मध्यरेषेपासून साधारण 40 मीटर इमारत रेषा आणि 75 मीटर नियंत्रण रेषा धरण्याचा प्रघात आहे. जुनी शेड त्या आत असेल तर तिच्यावर पक्क्या खोलीचा खर्च करणे धोक्याचे आहे.

मळ्यातल्या वस्तीवर मात्र कायदा बऱ्यापैकी उदार आहे. जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये शेतघराची जी व्याख्या आहे, तिच्यात अवजारे, चारा, धान्य आणि जनावरांसाठीच्या इमारतींबरोबर खातेदाराचे कुटुंब आणि शेतावरचे नोकर यांचे राहणेही येते. मुलाच्या संसारासाठी शेडची खोली झाली तर वापर शेतीशी जोडलेलाच राहतो. तीच खोली कारखान्यातल्या कामगाराला भाड्याने दिली की वापर अकृषिक होतो आणि त्याचे नियम वेगळे लागतात. विजेचेही तसेच आहे. शेडपर्यंत आलेली कृषिपंपाची जोडणी घरातल्या दिव्या-पंख्याला वापरणे हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. म्हणून खोली कोणत्याही मार्गाने झाली तरी तिची वायर घरगुती मीटरवरूनच, अर्थिंगसह ओढावी. पत्र्याच्या आणि लोखंडी खांबांच्या खोलीत अर्थिंग आणि गळतीच्या विजेला तोडणारा स्विच नसेल, तर एका सोललेल्या वायरने अख्ख्या खोलीत वीज उतरू शकते.