जंत आणि शरीराचा लगाम

पोटात जंत झाले की मूल खंगते, रक्त कमी होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, हे आपल्या वस्तीतल्या आयांना ठाऊक आहे. पण जंत आणखी एक काम करतात, ते डोळ्यांना दिसत नाही. त्याविषयी या वेळी आम्ही सांगत आहोत.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत ‘नियामक टी-पेशी’ नावाचा एक गट असतो. रोगाशी लढणाऱ्या पेशींनी अनावर होऊन स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये, म्हणून त्यांना लगाम घालणे हे या पेशींचे काम. त्यांच्याविषयीच्या शोधांसाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हुकवर्म आतड्यात वर्षानुवर्षे राहू शकतो. शरीर त्याला हाकलत का नाही? एक कारण असे की, जुन्या संसर्गात नियामक पेशी लगाम जास्त आवळतात. त्यामुळे आतड्याची नासाडी कमी होते, पण जंतही सुखाने जगतो.

हा लगाम जंतापुरता राहत नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या शाळकरी मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जंत असलेल्या आणि नसलेल्या मुलांत नियामक पेशींची संख्या सारखीच होती, पण जंत असलेल्यांच्या पेशींचा दाब जास्त होता. प्रयोगशाळेत त्या पेशी बाजूला काढताच बीसीजी लस आणि मलेरियाचा परजीवी यांना मिळणारा प्रतिसाद वाढला. याचा अर्थ लस टाळावी असा नाही. लस वेळेवर घ्यायचीच, आणि जंतही काढायचे.

हा आजार दैवाने किंवा गतजन्मीच्या पापाने होत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे धम्म आपल्याला शिकवतो. उघड्यावरच्या शौचाने माती दूषित होते आणि हुकवर्मची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. शेतमजुरी आणि सफाईची कामे करणाऱ्यांना म्हणूनच धोका अधिक.

काय करावे?

• १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक दिनी शाळेत, अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची मोफत गोळी द्यावी. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नये.
• गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.
• पायात चप्पल, जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे, भाजी धुऊन घेणे.

गोळीने जंत पडतात, पण माती तशीच राहिली तर पुन्हा होतात. म्हणून वस्तीत शौचालय, पाणी आणि सफाई कामगाराला बूट-हातमोजे मिळणे हा आपला हक्क आहे. तो ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे लेखी अर्ज देऊन संघटितपणे मागू या.

जय भीम!