गरजवंताचा दाखला

म्हापशाहून अस्नोड्यामार्गे दोडामार्गाकडे जाणारा रस्ता जेथे गोव्याची हद्द ओलांडतो, त्या टोकाला डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हा गाव आहे. कासारपालच्या श्रीकालिकादेवीमुळे बाहेरच्या भाविकांना तो ठाऊक असतो. बाकीच्यांच्या तो गाडीच्या खिडकीतून जाताजाता दिसण्यापुरताच ओळखीचा. नानोडा, वडावल, उसप, लाडफे अशा दूरदूर विखुरलेल्या वस्त्यांचा या पंचायतीचा संसार आहे. गोव्याच्या समाजकल्याण योजनांची परीक्षा पणजीच्या सचिवालयातील आकडेवारीत होत नाही, ती अशा विखुरलेल्या वाड्यांवर होते, असे आमचे मत आहे. म्हणूनच निराधारांच्या साहाय्याचा विचार आम्ही आज राज्याच्या राजधानीतून न करता या सरहद्दीवरील गावातून करू इच्छितो.

प्रथम शासनाच्या पदरी जे श्रेय आहे ते निःसंकोच दिले पाहिजे. गोव्याइतके थेट अर्थसाहाय्य देशातील फारच थोडी राज्ये आपल्या नागरिकांना देतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे नाव धारण करणारी सामाजिक सुरक्षा योजना 2001 सालची. वृद्ध, विधवा, एकाकी स्त्रिया आणि अपंग यांना तिने आधार दिला, आणि ज्येष्ठांना मिळणारी रक्कम पुढे दरमहा 2,000 रुपयांवर गेली. 2012 साली गृहिणींसाठी ‘गृह आधार’ आली, त्याच वर्षी मुलींसाठी ‘लाडली लक्ष्मी’ आली. केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचा आरंभ 15 ऑगस्ट 1995 रोजी झाला; त्या कार्यक्रमात साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा 2007 पासून दरमहा 200 रुपयांवरच खिळून राहिला आहे. त्याच्याशी तुलना केली म्हणजे पणजीची मूठ किती सैल आहे हे ध्यानी येते. सरहद्दीपलीकडे दोडामार्गात महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना चालते. ती 1980 सालची, म्हणजे आमच्या योजनेहून दोन दशकांनी वडील. पण तिची रक्कम दीड हजारांवर यायला 2023 साल उजाडावे लागले.

तेव्हा प्रश्न पैशाचा नाही. निदान केवळ पैशाचा नाही. गरजवंत कोण, हे ठरवितो कोण, हा खरा प्रश्न आहे. आजच्या व्यवस्थेत त्याचे उत्तर एकच आहे : कागद. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, बँकेचे खाते, आणि एकदा मंजुरी मिळाल्यावर दरसाल हयातीचा दाखला. जिवंत माणसाने आपण जिवंत असल्याचा पुरावा वर्षातून एकदा सादर करावा, ही गोष्ट ऐकावयास विनोदी वाटते. हिशेबतपासनिसाच्या बाजूने पाहिले तर मात्र ती रास्तच आहे. मृतांच्या आणि अपात्रांच्या खात्यांत सार्वजनिक पैसा जात राहिल्याच्या तक्रारी गोव्यात अनेकदा झाल्या आहेत, आणि त्या दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. पण या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही. मेलेल्याला साहाय्य मिळत राहते आणि जिवंताचे खंडित होते, कारण ज्यांना त्या माणसाचे जगणे-मरणे प्रत्यक्ष ठाऊक आहे त्यांना या व्यवहारात कोणी विचारीतच नाही. वडावलच्या एखाद्या वाड्यावर म्हातारी वारली तर ती बातमी तासाभरात गावभर होते. ती संचालनालयाला पोहोचायला वर्ष लागते.

आणि कागदाच्या चाळणीतून जे गळतात, ते बहुधा सर्वांत दुबळे असतात. उदाहरणादाखल पंचावन्न वर्षांचा, बायको नसलेला, आयुष्यभर खाणीवर किंवा ट्रकावर राबून कंबर गेलेला पुरुष घ्या. साठ पुरी झालेली नाहीत म्हणून तो वृद्ध नव्हे. पाठदुखीने तो घरी बसला आहे, पण अपंगत्वाच्या ठरावीक टक्केवारीचा वैद्यकीय दाखला त्याच्याजवळ नाही. त्यासाठी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा बांबोळीपर्यंत खेपा घालाव्या लागतात, आणि खेपा घालण्याइतकी कंबर धड असती तर तो कामालाच गेला नसता काय? गृहिणींच्या योजनेशी त्याचा संबंध नाही. कोणत्याही रकान्यात न बसणारा असा माणूस शासनाच्या लेखी गरजवंतच नाही. शेजाऱ्याच्या लेखी मात्र तो आहे. दुपारची पेज त्याच्याकडे तेथूनच जाते. त्याच गावात दोडामार्ग तालुक्यातून लग्न होऊन आलेली आणि थोड्याच वर्षांत विधवा झालेली स्त्री असेल, तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट तिच्यासमोर भिंतीसारखी उभी राहते. सोयरीक सरहद्द जाणत नाही, साहाय्य मात्र जाणते.

डिचोली तालुक्याने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. शहा आयोगाच्या अहवालानंतर 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातील खाणी थांबल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. खाणींनी शेते बुजविली, विहिरी आटविल्या, रस्ते धुळीने भरले; तरी दोन पिढ्यांची चूलही त्यांच्यावरच पेटली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या काळात शासनाने साहाय्याच्या योजना काढल्या, ट्रकमालकांना आणि कर्जदारांना दिलासा दिला. हा दिलासा कोणापर्यंत गेला? ज्यांचा खाणीशी असलेला संबंध कागदावर सिद्ध होत होता त्यांच्यापर्यंत. ट्रकाची नोंदणी होती, बँकेचे कर्ज होते, कंपनीच्या हजेरीपटावर नाव होते, त्यांना काही ना काही हाती आले. रस्त्याकडेला चहा-भजीचा गाडा चालविणारी बाई, टायरांना पंक्चर काढणारा पोर, ट्रकाचा क्लीनर, चालकांना खोली देऊन चार पैसे मिळविणारे घर, यांचा धंदा त्याच दिवशी बसला. परंतु तो बसला याची नोंद कोठेही झाली नाही. गावाला ते सारे नावानिशी माहीत होते.

या ठिकाणी पूर्वीचा गाव आठवून गहिवरण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नव्या काबिजादीतील या तालुक्यात एके काळी शेजारधर्म होता, देवस्थानच्या उत्सवात सर्वांच्या पानावर वाढले जाई, अडल्यानडल्याला भाटकाराच्या दारातून भाताची पायली मिळे, हे खरे. मुंबईला गेलेल्या कर्त्या पुरुषाची मनीऑर्डर शेजारच्या दोन घरांनाही थोडीबहुत उपयोगी पडे, हेही खरे. परंतु ती पायली फुकट नसे. तिची फेड श्रमाने, मिंधेपणाने, कधी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मौनाने करावी लागे. देवस्थानचे महाजनपद कुळावर ठरलेले, आणि पंक्तीत कोणी कोठे बसावयाचे हेही ठरलेले. कुळाला आणि मुंडकाराला जे खरे साहाय्य झाले ते दानाने नव्हे, कायद्याने झाले : 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी 1976 ची दुरुस्ती यांनी माणसाला हात पसरण्याच्या लाचारीतून बाहेर काढले. शासनाने दिलेला रुपया हा उपकार नसून हक्क आहे, ही जाणीव त्या कायद्यांची देणगी होय. म्हणून साहाय्य पुन्हा गावच्या प्रतिष्ठितांच्या मर्जीवर सोपवा, असे म्हणणारा आमच्या मते गरिबांचा मित्र नव्हे.

मग गावाचे ज्ञान आणि राज्याचा हक्क यांची सांगड घालावयाची कशी? याचे एक उत्तर 1977 साली राजस्थानने दिले होते. भैरोसिंह शेखावत यांच्या शासनाने त्या वर्षीच्या गांधी जयंतीला ‘अंत्योदय’ सुरू केली. कल्पना साधी होती : प्रत्येक गावातून सर्वांत गरीब अशी पाच कुटुंबे निवडावयाची, आणि ती निवड कचेरीत बसून नव्हे, तर गावाच्या उघड्या सभेत, सर्वांसमक्ष करावयाची. चारचौघांत सधन माणसाला आपले नाव गरिबांच्या यादीत घालण्याची लाज वाटते, या मानवी स्वभावावर त्या योजनेची मदार होती. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. तो शब्द मात्र 35 किलो धान्याच्या शिधापत्रिकेवर आजही टिकून आहे, आणि तेथे आता गावाच्या सभेपेक्षा संगणकाची यादी मोठी झाली आहे.

दुसरे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेला सापडते. केरळने 2021 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हाती अतिदरिद्री कुटुंबे शोधण्याचे काम दिले. अन्न, आरोग्य, उत्पन्न आणि निवारा या चार कसोट्या लावून प्रभागाप्रभागांतून 64,006 कुटुंबे निश्चित करण्यात आली, आणि प्रत्येक कुटुंबासाठी निराळा आराखडा आखण्यात आला. एखाद्याला घर हवे होते, एखाद्याला नुसते औषध, तर एखाद्याला केवळ ओळखपत्र. राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा 1 नोव्हेंबर 2025 रोजी झाली. तिच्याविषयी त्या राज्यातच वाद झाला, आणि अशा घोषणांवर वाद व्हावाच. आम्हांला महत्त्वाची वाटते ती घोषणा नव्हे, पद्धत. आमच्याकडे आधी योजना असते आणि मग तिच्यात बसणारा माणूस शोधतात. तेथे आधी माणूस शोधला, आणि मग त्याला काय हवे ते विचारले. राज्याचा आकार मनात घेतला तर हे काम गोव्याला केरळपेक्षा कितीतरी सोपे जावे. शिवाय गरजही तातडीची आहे : 2011 च्या जनगणनेत गोव्यातील साठीवरील लोकांचे प्रमाण 11.2 टक्के होते, आणि त्यानंतर तरुण मुले मुंबई-पुण्याला, आखातात आणि विलायतेला जाण्याचे काही थांबलेले नाही. बंद घराच्या पडवीत एकटाच बसलेला म्हातारा हे या तालुक्यातील नित्याचे दृश्य होऊ पाहात आहे. त्याच्या खात्यात दोन हजार जमा होतात. ते काढून आणावयाला कोणी नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये आरंभिलेल्या ‘स्वयंपूर्ण गोवा’ उपक्रमाने शासकीय अधिकाऱ्याला ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून पंचायतीत आणून बसविले. ही दिशा बरोबर होती. परंतु तो मित्र अखेर योजनांची यादी घेऊन येतो. गावाची यादी त्याच्यापाशी नसते, कारण ती कोणी केलेलीच नाही. ती करण्याचा अधिकार पंचायतीला नाही असेही नव्हे. 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत समाजकल्याण आणि दुर्बल घटकांचे हित हे विषय पंचायतींचे म्हणून नोंदलेले आहेत. अधिकार कागदावर तीन दशके पडून आहे, आणि ग्रामसभेत मात्र गटार, पथदीप आणि बेकायदा बांधकामे यांवर तास न् तास हमरीतुमरी चालते. एखाद्या सभेत कोणी उठून ‘आपल्या वाड्यावर उपाशी झोपणारे कोण आहे?’ असा प्रश्न विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा आक्षेप निदान खाणपट्ट्यात तरी टिकू नये. 2015 च्या दुरुस्तीने खाण कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद आली. जुन्या पट्टेधारकाने स्वामित्वधनाच्या 30 टक्के आणि लिलावाने पट्टा घेणाऱ्याने 10 टक्के इतकी रक्कम या निधीत भरावयाची असते. निधीतील मोठा भाग ज्या अग्रक्रमाच्या गोष्टींवर खर्चावयाचा, त्यांत पिण्याचे पाणी आणि आरोग्य यांच्या जोडीने वृद्ध, अपंग, स्त्रिया आणि मुले यांचे कल्याण स्पष्ट शब्दांत नमूद आहे. डिसेंबर 2022 पासून गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि डिचोलीचाच पट्टा त्यांत पहिल्या फळीत होता. म्हणजे या निधीचा ओघ पुढे चालू राहणार. तो खर्चाविना पडून राहतो अशी तक्रार मात्र वर्षानुवर्षे होत आली आहे. निधी आहे, त्यावर वृद्धांचे नाव लिहिलेले आहे, वृद्धही आहेत. मध्ये फक्त यादी नाही.

पंचायतीच्या हाती यादी दिली की ती पंचांच्या मतदारांची यादी होईल, ही भीती आम्हांला खोटी वाटत नाही. आजही अनेक ठिकाणी अर्जाचा रस्ता लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातून जातो, आणि साहाय्य मिळविणारा त्याचा ऋणी होऊन परततो. भाटकाराची पायली जाऊन तिच्या जागी ही आली, एवढेच. त्यावर उपाय म्हणजे यादी लपविणे नव्हे, तर यादी करणारे हात वाढविणे. अंगणवाडी सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्राची परिचारिका, शाळामास्तर, पोस्टमन आणि स्वयंसाहाय्य गटाच्या बाया वाड्यावाड्यांवर जातच असतात. त्यांनी मिळून नावे सुचवावी, ग्रामसभेने कसोट्या ठरवाव्या, आणि वगळल्या गेलेल्याला मामलेदाराकडे दाद मागता यावी. नावे सभेत मोठ्याने वाचून दाखविण्याची गरज नाही. गरिबाची अब्रू ही त्याची अखेरची मालमत्ता असते, आणि राजस्थानच्या उघड्या सभेची ती उणी बाजू होती. ग्रामसभेपुढे संख्या आणि गरजेचे स्वरूप ठेवावे : इतके जण अंथरुणाला खिळलेले, इतक्यांचे छप्पर गळते, इतक्यांकडे दाखला नाही म्हणून साहाय्य नाही. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांचा दाखला पंचायतीच्या सचिवानेच घरी जाऊन तयार करावा, आणि हयातीची नोंद त्याच फेरीत घ्यावी. हे केवळ कर्मचाऱ्यांचे काम वाढविणे आहे, असे कोणी म्हणेल. आहे खरे, आज ते काम सत्तरीच्या म्हातारीला करावे लागते.

लाटंबार्सेच्या पंचायतीला यासाठी पणजीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. विषय येत्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर घालता येतो, आणि पावसाळ्यापूर्वी नानोडा ते लाडफे एक फेरी सहज पुरी होते. छपरांचा प्रश्न त्या यादीत सर्वांत आधी येईल.