बशीत धडधडणाऱ्या पेशी

२०२५ साली जपानच्या ओसाका शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका दालनात द्रवात ठेवलेलं एक हृदय होतं. जेमतेम ३ सेंटिमीटरचं, पण धडधडणारं! ते कुणाच्या छातीतून काढलेलं नव्हतं, प्रयोगशाळेत वाढवलेलं होतं. (छातीत बसवायला नाही हं, नुसतं बघायला.)

कशाला एवढा खटाटोप? हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या एखाद्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथल्या स्नायूपेशी मरतात. गुडघा खरचटला तर नवी कातडी येते. हृदय याबाबतीत भारी आळशी. ऐन पंचविशीतही तिथे वर्षाला शंभरातली एखादीच पेशी नवी होते. म्हणून मेलेल्या जागी नुसता व्रण उरतो, आणि व्रण काही रक्त ढकलत नाही. उलट आपल्याकडच्या नद्या-ओढ्यांतला इवलासा झेब्राफिश बघा. त्याच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला, तरी दोनेक महिन्यांत तो भरून काढतो! हे त्याला कसं जमतं, याचा शोध पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही घेतात.

आता जपानची गंमत. २००६ साली शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीतल्या पेशींमध्ये फक्त चार जनुकं घातली आणि त्या मोठ्या झालेल्या पेशी पुन्हा ‘बाळ’ झाल्या. म्हणजे मूळपेशी, ज्यांच्यापासून हाड, मेंदू, हृदय, काहीही घडू शकतं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही हे साधलं. २०१२ साली यामानाकांना नोबेल मिळालं.

अशा मूळपेशींना योग्य वेळी योग्य रसायनं दिली की त्यांच्या हृदयपेशी होतात. मग एके दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहावं, तर बशीत त्या आपल्याआपण धडधडताहेत! ना मेंदूचा हुकूम, ना कुठली नस जोडलेली.

या पेशींचा पातळ पापुद्रा करतात, जाडी ०.१ मिलिमीटर. पण तो बशीतून काढायचा कसा? तव्याला चिकटलेलं धिरडं खरवडलं की फाटतं, तसंच इथेही होणार. म्हणून बशीच्या तळाला एक खास लेप असतो. ३७ अंशांना पेशी त्याला घट्ट धरून बसतात. बशी २० अंशांपर्यंत थंड केली की लेप पाणी पिऊन फुगतो आणि पापुद्रा अख्खा सुटून येतो. मला तर नोबेलवाल्या शोधापेक्षा ही युक्तीच जास्त आवडते!

२०२० च्या जानेवारीत ओसाका विद्यापीठाच्या डॉक्टरांनी असे तीन पापुद्रे एका रुग्णाच्या हृदयावर ठेवले. एकूण पेशी १० कोटी. आता तुम्हाला वाटेल, हे पापुद्रेच रक्त ढकलू लागले असतील. तसं नाही. त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हे त्यांचं मुख्य काम. पापुद्रे मात्र हळूहळू विरून जातात.

नव्या पेशी कायमच्या टिकल्या तर? माकडांवर तसा प्रयोग झालाय. पेशी टिकल्या, जुन्यांशी जोडल्याही गेल्या, पण काही आठवडे माकडांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. नव्या मंडळींना जुन्यांच्या ठेक्यावर कसं आणायचं, यावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवताहेत.