लहान खोली, मोठा दिवा: खऱ्या घरांतील चित्रीकरणाच्या प्रकाशयोजनेविषयीचे गैरसमज

व्यावसायिक चित्रपटाचे किंवा जाहिरातपटाचे चित्रीकरण स्टुडिओतील सेटऐवजी खऱ्याखुऱ्या घरात होते, तेव्हा तेथील प्रकाशयोजनेविषयी सर्वांत घट्ट रुजलेली समजूत अशी की, खोली लहान असल्यामुळे दिवेही लहान आणि थोडकेच पुरतात. मुंबईतील चाळीची १० बाय १२ फुटांची खोली विचारात घेतली, तर ही समजूत कोठे फसते ते साध्या हिशेबातच दिसते. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, तर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. खोलीतच ठेवलेल्या लहान दिव्यापासून नटाचा चेहरा ३ फुटांवर आणि मागची भिंत ९ फुटांवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतका प्रकाश मिळतो, आणि बोलता बोलता नट दिव्याकडे एक फूट सरकला तरी त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड सव्वादोन पट होतो.

हाच दिवा मोठा करून खिडकीबाहेर १५ फुटांवर उभा केला, तर खिडकीपासून ३ फूट आत असलेल्या चेहऱ्याचे दिव्यापासूनचे अंतर १८ फूट आणि १२ फूट आत असलेल्या भिंतीचे २७ फूट होते. मग भिंतीवरचा प्रकाश चेहऱ्याच्या निम्म्याहून थोडाच कमी राहतो आणि नट एक फूट सरकल्याने पडणारा फरक सुमारे बारा टक्क्यांवर येतो. अरुंद जागेत खरी टंचाई अंतराची असते, उजेडाची नव्हे, आणि ते अंतर मिळवण्यासाठी दिवा जितका दूर न्यावा तितका तो ताकदवान लागतो. चाळीच्या खिडकीबाहेर मात्र सामायिक गॅलरी असते आणि ती चार-पाच फुटांहून क्वचितच रुंद असते. म्हणून दुसऱ्या मजल्यावरील खोलीसाठी चौकातून किंवा रस्त्यावरून परांची उभारून तिच्या माथ्यावर दिवा चढवावा लागतो. प्रकाश मऊ करण्यासाठी खिडकीलाच बटर पेपर लावला, तर मात्र ती खिडकी स्वतःच प्रकाशाचा नवा स्रोत बनते, अंतराचा हिशेब तेथून नव्याने सुरू होतो आणि बाहेर कमावलेल्या अंतराचा बराचसा लाभ हातचा जातो, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही.

बाहेर दिवा लावणे अशक्यच असेल, तर आतला दिवा चपटा आणि हलका असावा लागतो. बार्बे श्रोडर यांच्या ‘बारफ्लाय’ (१९८७) या चित्रपटाच्या वेळी छायालेखक रॉबी म्युलर यांच्यासमोर हीच अडचण होती, आणि प्रकाशयोजनेच्या कामाचे तांत्रिक प्रमुख, म्हणजे गॅफर, असलेले फ्रीडर होखहाइम व त्यांचे सहकारी गॅरी स्विंक यांनी ट्यूबलाइटचा जड चोक लांब ठेवून केबलने जोडला, त्यामुळे उरलेला हलका दिवा भिंतीवर कोठेही चिकटवता येऊ लागला. ‘किनो फ्लो’ हे नाव घेऊन पुढे जगभर गेलेले दिवे या अडचणीतूनच जन्मले.

दुसरा गैरसमज ‘नैसर्गिक’ प्रकाशाविषयीचा आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटाचा दाखला देऊन दिव्यांवाचून चित्रीकरण करता येते असे नेहमी सांगितले जाते. त्यातील रात्रीचे काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात आणि त्यासाठी मिळवलेल्या एफ ०.७ छिद्रमानाच्या त्साइस भिंगाने टिपले गेले हे खरेच आहे, परंतु दिवसाच्या अंतर्दृश्यांसाठी छायालेखक जॉन अल्कॉट यांनी खिडक्यांना ट्रेसिंग पेपर लावून बाहेर प्रखर दिवे ठेवले होते, हे मात्र गाळले जाते. हे दिवे लावण्यामागचे कारण सौंदर्यदृष्टीपेक्षा अधिक रोकडे होते. पडद्यावर दोन मिनिटे चालणारा प्रसंग टिपायला आख्खा दिवस लागू शकतो आणि तेवढ्यात सूर्य ताशी १५ अंशांनी सरकत राहतो. सकाळी टिपलेला चेहरा आणि दुपारी टिपलेले त्याला दिलेले उत्तर एकाच क्षणाचे वाटावे, तर खिडकीतला ऊन-उजेड माणसाच्या ताब्यात असणे भाग पडते.

आजचे कॅमेरे अंधारातही पाहतात, म्हणून दिवे अनावश्यक झाले, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) इतका प्रकाश असतो, तर खोलीच्या आतल्या कोपऱ्यात तो दोनशेच्या आसपास असू शकतो. हे अंतर पाचशे पटींचे, म्हणजे प्रकाश दर पायरीला दुप्पट होतो अशा सुमारे नऊ ‘स्टॉप’चे झाले. चेहरा नीट दिसेल असा कॅमेरा लावला की खिडकी पांढरीफटक होते. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवल्याने दोन्ही गोष्टी सारख्याच उजळतात, त्यांच्यातील दरी तशीच राहते. ती बुजवायला आत उजेड वाढवावा लागतो किंवा खिडकीला करडी फिल्म लावावी लागते.

प्रकाशयोजना म्हणजे केवळ उजेड आणणे, हेही तितकेसे खरे नाही. लहान खोलीत प्रकाश चारही भिंतींवर आपटून परततो आणि चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतो. शिवाय भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल, तर तिचा रंग गालावर उतरतो. म्हणून मुंबईचे लाइटमन पांढऱ्या थर्माकोलइतकाच काळा कपडाही सोबत बाळगतात आणि नटाच्या एका बाजूला तो टांगून नको असलेला परावर्तित प्रकाश गिळून टाकतात.

विजेचे गणित त्यामानाने सोपे आहे. २३० व्होल्टवर २००० वॉटचा टंगस्टन दिवा सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो, जी पाच अँपिअरच्या सॉकेटला झेपत नाही. एलईडीमुळे हा भार आणि उष्णता बरीच कमी झाली असली, तरी उंच परांचीवरच्या मोठ्या दिव्यासाठी जनरेटर व्हॅन बहुधा लागतेच, आणि ती गल्लीत शिरत नसेल तर केबल किती लांब ओढावी लागेल हे आधी मोजावे लागते. रेकीला, म्हणजे स्थळपाहणीला, दिग्दर्शकासोबत छायालेखक आणि गॅफर यांनी जावे, चित्रीकरण ज्या वेळी होणार त्याच वेळी जावे आणि खोलीच्या आत पाहण्यापूर्वी तिच्या खिडकीबाहेर काय आहे ते पाहावे. ज्या खोलीच्या खिडकीबाहेर दिवा उभा करायला जागा नाही, ती कितीही देखणी असली तरी चित्रीकरणासाठी महागात पडते.