काळी तार ग्राउंडचीच असेल असे नाही!

लाल, तपकिरी आणि काळी. पांढऱ्या घुमटाच्या सेन्सरमधून बाहेर आलेल्या या तीन तारा दिसल्या, की छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्याचा हात सवयीने चालतो. लाल पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला, उरलेली अर्डुइनोच्या पिनला. ‘एसई-१०’ या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरशी ही सवय दगा देते. त्याची ग्राउंडची तार तपकिरी असते आणि काळ्या तारेतून संदेश येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे भाग घेताना डेटाशीट हाती पडेलच, याचा भरवसा नसतो. जुन्या चोरघंटेतून काढलेल्या सेन्सरवर तर कित्येकदा नावही उरलेले नसते. अशा वेळी रंगावर विसंबण्यापेक्षा मल्टिमीटर हाती घ्यावा.

हा सेन्सर स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. माणसाच्या शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात आणि त्यांचा जोर साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. घुमटाखालच्या छोट्या धातूच्या डबीत, तापमान बदलले की विद्युतभार निर्माण करणाऱ्या पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. खोली सावकाश तापली तर दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात. माणूस समोरून चालत गेला तर आधी एक तुकडा तापतो, मग दुसरा. घुमट म्हणजे फ्रेनेल भिंग. फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहावर १८२३ साली बसवलेल्या भिंगाचे तत्त्व इथे प्लास्टिकच्या पातळ टोपीत उतरले आहे.

जोडणीआधी एक गोष्ट पक्की करावी. सेन्सर घरातल्या २३० व्होल्टच्या दिव्याचा किंवा स्विचचा असेल, तर तो उघडूच नये. अशा अनेक स्विचमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. आतला ‘ग्राउंड’ थेट मुख्य विजेशी जोडलेला असतो आणि तो मायक्रोकंट्रोलरला जोडला, तर संगणकाच्या यूएसबी तारेपर्यंत जीवघेणा धक्का पोहोचू शकतो.

सेन्सर कमी व्होल्टेजचा असल्याची खात्री पटल्यावर, वीज न देता, त्याची पाहणी करावी. काही वेळा उत्तर घुमटाखालीच दडलेले असते: सर्वत्र मिळणाऱ्या ‘एचसी-एसआर५०१’ सेन्सरचा घुमट अलगद काढला की पिनांची नावे छापलेली दिसतात. नावे नसतील तर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर शोधावा. त्याच्या अंगावरचा पट्टा ऋण टोक दाखवतो आणि ते टोक बहुतेक वेळा ग्राउंडला असते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब तिथे आणि दुसरा आळीपाळीने प्रत्येक तारेला लावावा. जिथे बीप वाजेल, ती ग्राउंडची तार. पुरवठ्याच्या तारेला जोडलेल्या कॅपॅसिटरवर ‘१६ व्होल्ट’ लिहिलेले असेल, तर ती त्याची कमाल मर्यादा समजावी आणि पुरवठा तिच्या बराच खाली ठेवावा.

आता वीज, पण मायक्रोकंट्रोलर अजून दूरच. पाच व्होल्टच्या पुरवठ्यात २२० ओहमचा रेझिस्टर घालावा. तारा उलट लागल्या किंवा आत शॉर्ट असला, तरी प्रवाह २३ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही. त्या रेझिस्टरवर २२० मिलिव्होल्ट दिसले, तर सेन्सर १ मिलिअँपिअर घेतो आहे. सेन्सरला स्थिर व्हायला मिनिटभर द्यावे, मग हात हलवून संदेशाच्या तारेवरचे व्होल्टेज पाहावे. पाच व्होल्टवर तो जागाच झाला नाही, तर तो चोरघंटेतल्या १२ व्होल्टवर चालणारा असू शकतो.

पुढचा निर्णय या मोजणीवर ठरतो. ‘एचसी-एसआर५०१’चा संदेश ३.३ व्होल्टचा असतो, म्हणून तो ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला चालतो. त्याच ईएसपी३२च्या पिनला मात्र ३.६ व्होल्टपलीकडे सोसत नाही. संदेश १२ व्होल्टचा निघाला, तर ३३ आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरचा विभाजक लावावा; पिनपाशी साधारण २.८ व्होल्ट पोहोचतात आणि बॅटरी चार्ज होताना पुरवठा १३.८ झाला तरी ३.२च. व्होल्टेज धड वर नाही, धड खाली नाही असे तरंगत राहिले, तर तो ओपन कलेक्टर प्रकारचा, म्हणजे स्वतः व्होल्टेज न देता संदेशाची तार फक्त ग्राउंडला जोडणारा, असण्याची शक्यता आहे. ‘एसई-१०’ही त्याच प्रकारचा. तिथून ३.३ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर जोडला की संदेश स्पष्ट येतो. जुन्या चोरघंटेच्या सेन्सरमध्ये रिले असेल, तर काम आणखी सोपे होते, कारण त्याचे संपर्क पुरवठ्यापासून वेगळे असतात.

पिनला जोडताना दोन्ही बाजूंचे ग्राउंड एकत्र करावेत. सेन्सर स्वतः संदेशाला व्होल्टेज देत असेल, तर तार आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर ठेवावा. प्रोग्रॅममध्ये चुकून ती पिन आउटपुट झाली, तरी पाच व्होल्टला ५ मिलिअँपिअरच वाहतात. अर्डुइनो ऊनो आर३च्या चिपची प्रतिपिन कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे.

सगळे जुळले की सेन्सरच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून कोणती तार कशाची, पुरवठा किती, संदेश किती व्होल्टचा, हे तिच्यावर लिहून ठेवावे. दोन वर्षांनी तोच सेन्सर डब्यातून बाहेर निघेल, तेव्हा ती पट्टी हीच त्याची डेटाशीट असेल.