छिद्रांत साठवलेली नक्षी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये यंत्रमागांवर टर्किश टॉवेल आणि चादरी विणल्या जातात, आणि त्यांवरची फुले, वेलबुट्टी किंवा अक्षरे मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जॅकार्ड या यंत्रणेमुळे उमटतात. या यंत्रणेला फ्रेंच कारागीर जोसेफ मारी जॅकार्ड याचे नाव असून तिचे वर्ष 1804 असे सांगितले जाते. मात्र ती एका माणसाला एका वर्षी सुचलेली गोष्ट नव्हती, तर उत्तर मध्ययुगापासून सुमारे चारशे वर्षे युरोपात मजुरी, कागद, घड्याळे, राजसत्ता आणि धर्म यांच्यात जे बदल झाले, त्यांच्या एकत्र येण्यातून ती घडली. युरोपच्या या कालखंडाचा इतिहास बहुधा राजे, युद्धे आणि सागरी मोहिमा यांच्या आधारे शिकवला जातो, परंतु मागाच्या बाजूने पाहिल्यास तो अधिक स्पष्ट दिसतो.

कापडात उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. बाण्याचा धागा घेऊन धोटा एका बाजूकडून दुसरीकडे जाण्यापूर्वी ताण्याचे काही धागे वर उचलले जातात आणि उरलेले खाली राहतात; साध्या कापडात हे एकाआड एक होते, म्हणून पावड्या दाबून काम भागते. नक्षीदार कापडात मात्र प्रत्येक ओळीला कोणते धागे उचलायचे याचा निर्णय वेगळा असतो, आणि शेकडो धाग्यांचे असे हजारो निर्णय लक्षात ठेवणे व चूक न करता पुन्हा पुन्हा अमलात आणणे हाच विणकामाचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

1347 ते 1351 या काळात प्लेगच्या साथीने युरोपची लोकसंख्या एक तृतीयांश ते निम्म्याने घटली. माणसे कमी उरल्याने मजुरी वाढली आणि श्रम वाचवणाऱ्या साधनांचे मोल वाढले. चरखा त्याआधीच, तेराव्या शतकात, पूर्वेकडून युरोपात पोहोचला होता, पण त्याच्या सुताविषयी अविश्वास होता; जर्मनीतील स्पायर शहराच्या विणकर संघाने 1280 च्या सुमारास चरख्याचे सूत बाण्यासाठी चालेल, ताण्यासाठी नाही, असा नियम केला होता. ताण्यावर सतत ताण येतो आणि त्या काळचे चरख्याचे सूत तुलनेने कच्चे असे, म्हणून हा नियम केवळ जुनाट हट्टापोटी केलेला नव्हता. पुढे सूत पिळणे आणि गुंडाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारा चरखा आला, ज्याचे चित्र 1480 च्या सुमाराच्या एका जर्मन हस्तलिखितात मिळते.

नक्षीचा प्रश्न मात्र लोकरीपेक्षा रेशमात अधिक तीव्र होता. इटलीतील लुका हे रेशमी नक्षीकामाचे मोठे केंद्र 1314 मध्ये लुटले गेले, आणि तेथील कारागीर व्हेनिस, फ्लोरेन्स व बोलोन्या येथे गेल्याने त्यांची कलाही पसरली. रेशमाच्या आयातीवर देशाबाहेर जाणारे सोने रोखावे म्हणून फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने 1466 मध्ये ल्यों शहरात रेशीम विणकाम सुरू करण्याचा आदेश दिला. त्या वेळी तो फारसा फळला नाही, पण 1536 मध्ये पहिल्या फ्रान्सिसने विणकरांना सवलती दिल्यावर ल्योंचा उदय झाला. तेव्हाचा नक्षीमाग दोन माणसांचा असे: विणकर धोटा चालवी, तर त्याचा सहायक, पुष्कळदा एखादे लहान मूल, ठरलेल्या क्रमाने दोऱ्यांचे जुडगे ओढून ताण्याचे धागे उचली. या मागाची कल्पना चीन आणि पश्चिम आशियात आधीपासून रूढ होती. नक्षी त्या दोऱ्यांच्या गाठींमध्ये बांधलेली असे, त्यामुळे नवी नक्षी हवी तर दोऱ्यांची सगळी जुळणी पुन्हा करावी लागे, आणि राजदरबाराची आवड बदलत असताना हा वेळ परवडणारा नव्हता. दिवसभर जड दोऱ्या ओढणाऱ्या त्या मुलांची शरीरे किती झिजत असतील, याकडे इतिहासकारांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही.

नक्षीच्या या प्रश्नाचे उत्तर येण्यासाठी लागणाऱ्या वस्तू दुसऱ्याच व्यवसायांत तयार होत होत्या. चौदाव्या शतकापासून युरोपातील शहरांच्या मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळे आली, आणि त्यांच्या घंटा ठरावीक सुरात वाजाव्यात म्हणून खुंट्या बसवलेले फिरते पिंप वापरले जाऊ लागले. खुंटीच्या जागेवरून कोणती घंटा केव्हा वाजेल हे ठरे, म्हणजे क्रमाची स्मृती माणसाच्या डोक्यातून वस्तूवर उतरली. कागद अरबांकडून स्पेन व इटलीत आला, न्यूरेंबर्गमध्ये उल्मन श्ट्रोमर याने 1390 मध्ये कागदाची गिरणी सुरू केली, आणि 1450 च्या दशकात गुटेनबर्गच्या छपाईने कागदाची मागणी झपाट्याने वाढवली. हा कागद जुन्या कापडाच्या चिंध्यांपासून बने, म्हणजे विणकामाचाच टाकाऊ माल पुढे विणकामाला मार्गदर्शन करण्यासाठी परतला.

1725 मध्ये ल्योंच्या बाझील बूशों याने हे धागे जोडले. त्याने छिद्रे पाडलेली कागदी पट्टी सुयांच्या ओळीवर दाबली, जेणेकरून छिद्रासमोरची सुई आत जाई आणि इतर मागे ढकलल्या जात. नक्षी यंत्रापासून वेगळी झाली आणि पट्टी बदलताच बदलू लागली. 1728 मध्ये झां बाप्तिस्त फाल्कों याने पट्टीऐवजी दोरीने साखळीसारखे ओवलेले पुठ्ठे वापरले, आणि रेशीम उद्योगाचा निरीक्षक झाक व्होकांसों याने 1745 मध्ये यंत्रणा मागाच्या डोक्यावर नेऊन दोऱ्या ओढणाऱ्याची गरज संपवण्याचा प्रयत्न केला. त्याचा विस्मृतीत गेलेला माग पॅरिसमध्ये पाहून जॅकार्डने 1804 मध्ये या सर्वांचा मेळ घातला. त्याच्या यंत्रात सुईसमोर छिद्र असेल तर तिच्याशी जोडलेला आकडा उभा राहतो आणि वर जाणाऱ्या धातूच्या पट्टीबरोबर धागा उचलतो. छिद्र नसेल तर आकडा बाजूला सरतो आणि धागा खालीच राहतो.

या घडामोडींत भारतही होता. गोव्यात पोर्तुगीज 1510 पासून होते, आणि त्या शतकात सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही व निजामशाही झगडत असताना भारतीय छापील सुती कापड युरोपच्या बाजारात शिरत होते. त्याच्या लोकप्रियतेने फ्रेंच विणकर इतके धास्तावले की 1686 मध्ये फ्रान्सने त्यावर बंदी घातली, जी 1759 पर्यंत टिकली; इंग्लंडने 1700 आणि 1721 मध्ये तसेच कायदे केले. ल्योंच्या अनेक कुशल प्रोटेस्टंट विणकरांना याच सुमारास, 1685 मध्ये धर्मस्वातंत्र्य रद्द झाल्यावर, देश सोडावा लागला आणि लंडनचा स्पिटलफील्ड्स भाग रेशमासाठी नावाजला. इंग्रजी सुती उद्योगाची वाढ बंदीच्या छायेत झाली, आणि 1733 मध्ये जॉन के याचा धावता धोटा तेथेच आला. हे तंत्र वसाहतीच्या मार्गाने भारतात आले; सोलापुरात 1877 मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली, जी शहरात जुनी मिल म्हणून ओळखली गेली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग, पुढे यंत्रमाग इथे रुजवले.

टर्किश टॉवेलच्या विणकामात जॅकार्डला आणखी एक काम करावे लागते. त्यात ताण्याचे दोन संच असतात, एक ताठ आणि एक सैल. बाण्याचे तीन धागे टाकल्यावर फणी त्यांना एकत्र ठोकते तेव्हा सैल ताणा वर उसळून फुगे तयार होतात. हे फुगे समोर यावेत की मागे, हे जॅकार्ड ठरवते, म्हणून टॉवेलवर फूल दिसते ते पुष्कळदा रंगामुळे नव्हे तर फुग्यांच्या जागेमुळे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले असून, आज पुठ्ठ्यांच्या साखळीऐवजी अनेक नव्या मागांवर संगणकातील फाइल प्रत्येक आकड्यासाठी विद्युत संदेश पाठवते. तरीही संदेशाचे स्वरूप 1725 सारखेच राहिले आहे, धागा उचलायचा किंवा उचलायचा नाही.